अंग सैल सोडा, ताई

सोमवार, दहा मार्च, सकाळी सव्वाअकरा. हजर: हाडांचे डॉक्टर, त्यांच्या शेजारी उभी असलेली एक शिकाऊ डॉक्टर, माझा नवरा श्रीकांत आणि मी. डावं पाऊल दोन दिवसांपासून फरफटत होतं म्हणून आलो होतो. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "मणक्याचा टीबी वाटतोय. नमुना तपासून खात्री करू, पण मनाची तयारी त्याचीच ठेवा."

मी तयारीनेच गेले होते. पर्समधून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली.

मी नाशिकमध्ये कंटेम्पररी नृत्य करते आणि शिकवते. वय एक्कावन्न. आमचा सहाजणांचा गट आहे. सराव संपला की मी वहीत तीन रकाने भरते: कोण आलं, काय झालं, काय दुखतंय. सात महिन्यांची पाठदुखी तिथे तारीखवार होती. मला वाटलं, डॉक्टर खूश होतील.

त्यांनी तीन पानं वाचली. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"'पडून राहिलं तरी दुखतं.' 'संध्याकाळी कणकण.' 'वजन तीन किलो कमी, छान.' हे 'छान' कोणी लिहिलं?"

"मीच."

"मॅडम, ही वही घेऊन तुम्ही सप्टेंबरात आला असतात तर गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं. आज ॲडमिट करावं लागेल."

मी एकच विचारलं, "नाचता येईल?"

"चालाल, हे मी सांगू शकतो. नाचाचं आज नाही सांगू शकत." ते सरळ माझ्याकडे बघून बोलले. त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

हे लिहिते आहे ते ज्यांना नुकतंच हे निदान सांगितलं गेलंय त्यांच्यासाठी. आजाराची माहिती तुम्हाला डॉक्टर देतील. मी फक्त मधले दिवस कसे जातात ते सांगते.

आधी माझी चूक. नाचणारे लोक दुखण्याचे दोन ढीग करतात, कामाचं आणि धोक्याचं. पहिल्या ढिगात आपण फार सढळ हाताने टाकतो. गुडघा, खांदा, कंबर, सगळं कामाचं. आम्हाला दुखणं लपवायची गरज पडत नाही, कारण ते आमच्या हजेरीपत्रकाचाच भाग असतं. जे दुखणं विश्रांतीनेही जात नाही, ज्याच्याबरोबर संध्याकाळी अंग गरम लागतं, ते वहीत लिहू नका. माणसाला सांगा.

वॉर्ड

एकोणीस दिवस. साडेपाचला ताप बघायचा, सहाला चहा, सातला अंग पुसणं, नऊला डॉक्टरांचा राउंड, आणि दर दोन तासांनी कूस बदलणं. दुसऱ्याच दिवशी मी हे वेळापत्रक लिहून उशाशी लावलं. सिस्टर म्हणाली, "आम्हाला कामाला येईल हे."

उपयोगाच्या वस्तू: वाकणारी स्ट्रॉ, केसांना लावायचा मोठा चाप, आणि लहान आरसा. पाठीवर सरळ पडलेल्या माणसाला फक्त छत दिसतं. आरसा छातीवर तिरका धरला की दार दिसतं, येणारी माणसं दिसतात. आरसा आमच्या गटातल्या मनीषाने आणून दिला. ती निफाडची, शाळेत शिक्षिका. "मॅडम, यात स्वतःकडे बघू नका," एवढंच म्हणाली.

कूस बदलणं मात्र सोपं नव्हतं. मणका वळता कामा नये, म्हणून रुग्णाला ओंडक्यासारखं अख्खंच्या अख्खं फिरवतात. एकजण खांद्याला, एक कमरेला, एक पायांशी. सकाळपाळीला कमरेशी सुमनमावशी असायच्या. वॉर्डात आया म्हणून बावीस वर्षं काम केलेलं, पंचावन्नच्या आसपास वय, माहेर सायखेड्याचं. बांधा किरकोळ. हातात मात्र घाई अजिबात नाही.

पहिल्या दिवशी फिरवताना त्या थांबल्या. "ताई, काय करून राहिल्या तुम्ही?"

"काही नाही. थोडी मदत."

"मदत नका करू. लय ताठ धरता. तुमच्या मदतीनं माझा खांदा जातोय."

तीस वर्षं मी पोट आत घेऊन, श्वास धरून, कुणी हात लावला की आपला भार आपणच उचलत आले. अंग स्वतःहूनच तसं करायचं. तिसऱ्या दिवशी मी मदत करण्याच्या नादात कंबर एवढीशी वळवली आणि डाव्या पायात वीज गेल्यासारखं झालं. सिस्टर रागावली. "मॅडम, तुम्ही वळायचं नाही. आम्ही वळवणार. तुमचं काम काहीच न करणं."

"तेच जमत नाही मला," मी म्हणाले.

"तुमच्यापरीस बेसुद पेशंट बरा," सुमनमावशी म्हणाल्या, आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाई खो-खो हसल्या. मीही हसले असते, पण हसलं की दुखायचं.

मग मी त्यांना बघायला लागले. आरशातून. पलीकडच्या बाईंना फिरवताना मावशी आधी नुसता हात ठेवायच्या, पाठीखाली, पूर्ण तळवा. मग थांबायच्या. उचलायच्या नाहीत. तीन-चार श्वास गेले की बाईंचं अंग त्या हातावर आपोआप उतरायचं, आणि मग मावशी ओढायच्या किंवा ढकलायच्या नाहीत, स्वतः मागे झुकायच्या. बाई त्यांच्याबरोबर यायच्या.

हे आम्ही शिकवतो. अगदी हेच. त्यासाठी पुण्या-बंगळूरहून माणसं बोलावतो.

"मावशी, आधी हात ठेवून थांबता कशाला?"

"अंगाला कळाया नको का, कोण आलंय ते? न सांगता उचललं तर मांजरबी नखं काढतं."

सहाव्या दिवशी, सकाळी अकराच्या पाळीला, मी ठरवून काही ठरवलं नाही. मावशींचा हात पाठीखाली आला. मी श्वास सोडला आणि पुन्हा धरला नाही. कधी फिरले कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा समोर भिंत होती.

"हां! अंग सैल सोडलं का बगा कसं हुतंय," मावशी म्हणाल्या. "भाकरी कशी अख्खी उलटती, तशा उलटल्या."

त्या दिवशी दुपारी मी तीन तास झोपले. दाखल झाल्यापासूनची ती पहिली झोप.

गॅप

घरी येणाऱ्या प्रत्येकाला श्रीकांत सांगत होता, "मणक्यात गॅप आलाय." आपल्याकडे गॅप ही फार सोयीची गोष्ट आहे. प्रत्येकाच्या घरात एकाला तरी असतो, कुणी पुढे काही विचारत नाही. टीबी म्हटलं की लोक खुर्ची मागे घेतात, असं त्याचं म्हणणं.

मी म्हणाले, "माझा पसरणारा नाही. छातीचा फोटो स्वच्छ आहे. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं."

"लोकांना कोण समजावत बसणार?"

"मी बसते. नाहीतरी पडूनच आहे."

तो हसला नाही. श्रीकांत सातपूरला एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम बघतो. बिघाड होण्याआधी यंत्र आवाज करतं, तो ऐकायचा, हे त्याचं काम. त्या दिवशी तो खाटेच्या कडेला बसला, बराच वेळ गोळ्यांची पाकिटं नीट लावत राहिला आणि म्हणाला, "सात महिने मी शेजारी झोपत होतो, मेधा. आणि तू वहीला सांगत होतीस."

मी उशाशी पडलेली वही मिटली.

"आता नाच पुरे," तो पुढे म्हणाला. चिडून नाही, थकून. त्यानंतर दोन आठवडे आम्ही औषध, जेवण आणि संडास-बाथरूम याखेरीज काही बोललो नाही. आजारपणात असे आठवडे येतात. ते आले म्हणजे संसार मोडला असं समजू नका.

कोंडी फोडली धुळ्याच्या वन्संनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने. फोन स्पीकरवर होता.

"काय रे श्रीकांत, गॅपला वर्षभर गोळ्या? कुठला डॉक्टर गाठलास?"

श्रीकांतने माझ्याकडे बघितलं. "ताई, टीबी आहे. मणक्याचा."

मग वन्सं म्हणाल्या, "मग मेल्या, आधी नाही का सांगायचं? आमच्या ह्यांना झाला होता की. तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. निमोनिया निमोनिया म्हणून सांगत होतो ना, तो टीबीच. मेधाला सांग, लघवी केशरी होईल, घाबरू नको म्हणावं. गोळ्यांनीच होते ती. आणि गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, तेव्हा लगेच झोपायचं नाही. डॉक्टर म्हणतील तेवढे दिवस घ्यायची, बरं वाटलं तरी. ह्यांनी मधेच सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!"

लघवी गोळ्या सुरू झाल्यापासून केशरी होती. मी घाबरलेच होते आणि ते वहीत लिहून ठेवलं होतं.

श्रीकांतने फोन ठेवला. "केशरी होतीये?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या गोळीपासून."

"आजपासून जे वहीत लिहिशील ते आधी मला सांगायचं. मग लिही." ते मी पाळते आहे.

एक राहिलं. रुग्णालयातून सोडण्याआधी दोन दिवस सुमनमावशींनी श्रीकांतला मला फिरवायला, पाठीला आधाराचा पट्टा बांधायला आणि उठवून बसवायला शिकवलं होतं. "साहेब, आधी हात ठेवा. आता थांबा. घाई हाय का कुठं?" यंत्रांची सवय असलेला माणूस, पण शिकला. अबोल्याच्या दोन आठवड्यांतही दिवसातून आठ वेळा त्याचा तळवा माझ्या पाठीखाली यायचा आणि थांबायचा.

का येतात

घरी साडेतीन महिने पडून होते. गट चालू ठेवायचा की हॉल सोडायचा, हे मे संपण्याआधी ठरवायचं होतं. मी नसताना सराव होत होता, पण पाच जणांत कधी तीन, कधी दोन. माझ्यासाठी तर प्रश्न असा होता: मी पुन्हा नाचणार नसेन, तर या लोकांना कशासाठी अडकवून ठेवायचं? म्हणून प्रत्येकाला फोन करून एकच विचारलं, तू का येतेस, तू का येतोस? आणि खरं सांग.

हा प्रश्न आम्हाला बाहेरचे नेहमी विचारतात. कंटेम्पररीत ठरलेले बोल नाहीत, ठरलेल्या मुद्रा नाहीत, बिदागी बेताची, आणि प्रेक्षकांतला एकजण तरी कार्यक्रमानंतर येऊन विचारतो की शेवटी तुम्ही सगळे जमिनीवर का लोळत होता. तरी लोक वीस-वीस वर्षं येतात.

मनीषा म्हणाली, "घरी मी कुणाची तरी सून, शाळेत बाई. तिथे तुम्ही 'मनीषा, उजवीकडे' म्हणता. दिवसभरात माझं नाव तेवढंच ऐकू येतं."

दुसरीने फार विचार केला आणि म्हणाली, "माहीत नाही. आले नाही की पाठ दुखते." मग एकदम तिला आठवलं ती कुणाशी बोलतेय, आणि तिने पाच वेळा सॉरी म्हटलं. तिसऱ्याला रंगमंचावरचा काळोख आवडतो, दिवे लागण्याआधीचा. चौथी म्हणाली की तिला उत्तर शोधायला यावंसं वाटतं, मिळालं तर येणं थांबेल बहुतेक.

रईस फोनवर बोलला नाही. तो रविवारी येवल्याहून एसटीने आला, येताना त्याच्या अम्मींनी दिलेल्या खजुराच्या वड्या घेऊन. रईस अठ्ठावीसचा. वडील पैठणी विणतात, मागावर. तोही एकोणिसाव्या वर्षापर्यंत बसला. गेली तीन वर्षं आम्ही दोघं मिळून एक नाच करतो, एकमेकांच्या आधारावर तोललेला.

"मॅडम, मी पहिल्यांदा तुमच्या हॉलवर आलो ना, तेव्हा मित्राला न्यायला आलो होतो," तो म्हणाला. "दारात उभा होतो. तुम्ही उभ्या उभ्या पडलात. धाडकन. आणि आवाजच नाही आला. मला ते बघायचं होतं, तो आवाज गेला कुठं?"

"आणि सापडला?"

"सापडला असता तर येवल्याहून दोन तास एसटीत कशाला बसलो असतो? मागावर बघा, सगळा आवाज आपलाच असतो. हात, पाय, धोटा. अब्बांना तो आवाज थांबला की झोप लागत नाही. मला थांबला की नाचावंसं वाटतं." मग वडीचा तुकडा मोडून त्याने विचारलं, "आणि तुम्ही?"

माझ्याकडे या प्रश्नाची तयार उत्तरं आहेत. अर्जांत लिहिलेली, मुलाखतीत दिलेली. ती सांगायला लागले तसा स्वयंपाकघरातून श्रीकांतचा आवाज आला, "खरं सांग म्हणून त्यांना बजावलंस ना?"

मग खरं सांगितलं. अकरा वर्षं मी कथक शिकले. उभं कसं राहायचं ते त्यात फार सुंदर शिकवतात. अठ्ठाविसाव्या वर्षी एका शिबिरात शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आता पडा. मला जमेना. त्यांनी माझ्या डोक्यामागे हात धरला आणि मी त्या हातावर मागे गेले, पूर्ण. मोठेपणी मला कुणी तसं धरलं नव्हतं. मी त्यासाठी आले. पण मग गट काढला, हॉल बघितला, याद्या आल्या, आणि हळूहळू मी कायमची खालची झाले, धरणारी. वीस वर्षांत पुन्हा कुणाच्या हातावर गेले नाही. वॉर्डातल्या सुमनमावशींच्या हातावर गेले, ते सहाव्या दिवशी.

रईस हसायला लागला. "मॅडम, तीन वर्षं मी हेच म्हणतोय. तुम्ही वजन देतच नाही. तुम्ही टेकल्यासारखं करता आणि आपल्याच पायावर उभ्या राहता."

"कधी म्हणालास?"

"दर सरावाला! तुम्ही 'हो हो' म्हणून लिहून घ्यायचात."

श्रीकांत चहा घेऊन आला होता. त्याने रईसला कप दिला आणि म्हणाला, "बस बाबा. आपण दोघं एकाच वहीतले."

हॉल ठेवला. 'नाच पुरे' हे श्रीकांतने पुन्हा म्हटलं नाही. परवानगीही दिली नाही. मी मागितलीही नाही. मी उठून फिरायला लागल्यावर सरावाच्या दिवशी मला हॉलवर सोडायला लागला, एवढंच.

डिसेंबर

पट्टा निघाला. डावं पाऊल आता फरफटत नाही, पण थकलं की विसरतं. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "हाड भरून येतंय. गोळ्या चालूच. वाकून उचलणं नाही, उड्या नाहीत, पडणं नाही. ते सहा महिन्यांनी बघू."

"आणि टेकणं? पाय जमिनीवर ठेवून दुसऱ्यावर भार द्यायचा, पाठ सरळ ठेवून?"

त्यांनी फोटो बाजूला ठेवला. "करून दाखवा."

श्रीकांतला शेजारी उभं करून मी दाखवलं. डॉक्टरांनी माझ्या पाठीवरून बोट फिरवत बघितलं. "चालेल. हळूहळू. दुखलं तर लिहू नका, फोन करा."

निघताना वॉर्डात गेले. सुमनमावशींची बदली दुसऱ्या मजल्यावर झाली होती, जिन्यात भेटल्या. मी चालत आलेली बघून त्यांनी आधी माझी पाठ चाचपली, मग तोंड बघितलं. "बरी हाय," पाठीला म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी हॉलवर गेले. पाचही जण होते, पण रईस सोडून बाकीच्यांना मी त्यांच्या कामाला लावलं. आठ डोळे अंगावर नको होते. रईस खिडकीजवळ माझ्या उजव्या बाजूला उभा राहिला. त्याने तळवा माझ्या खांद्यामागे ठेवला आणि थांबला. हे त्याला मी सांगितलेलं नव्हतं. श्रीकांतने सांगितलं असावं, तो दाराशी चपला काढत होता.

मी श्वास सोडला. खांदा त्याच्या खांद्यावर गेला, मग दंड, मग कमरेची कड. तो एक पाऊल लांब सरकला आणि मी त्याच्याबरोबर तिरकी झाले, भिंतीला लावलेल्या शिडीसारखी. पाठ सरळ. दुखलं नाही. डाव्या पावलाखाली फरशी गार लागली. मार्चमध्ये तिथे काहीच लागत नव्हतं.

"येतंय, मॅडम," रईस हळूच म्हणाला. "वजन येतंय. निम्मं तरी आलं."

"निम्मंच? मी तर सगळं दिलं."

"डावा हात बघा."

बघितलं. डाव्या हाताने मी खिडकीचा गज धरला होता. बोटं पांढरी पडली होती. कधी धरला, मला माहीत नाही.

"सोडायचा?" त्याने विचारलं.

मी बोटांना सांगून बघितलं. करंगळी निघाली, तिच्या शेजारचं बोट निघालं. बाकीची तीन निघाली नाहीत.

घरी जाताना गाडीत श्रीकांतला आधी सांगितलं, मग लिहिलं. कोण आलं: सगळे. काय झालं: वजन दिलं, निम्मं. काय दुखतंय: काही नाही. वहीत चौथा रकाना आता नवीन काढला आहे, बाकी राहिलेल्या कामांचा. त्यात पहिली नोंद: खिडकीचा गज, तीन बोटं.